नैवेद्याच्या लाटण्यासाठी दिंडोशी ते मुलुंड

काश्मीरला जाऊन आलेल्यांचे ब्लॉग मी पुष्कळ वाचले आहेत. बर्फ पांढरा असतो आणि चहा महाग असतो, यापलीकडे त्यातून काही कळत नाही. आम्ही दोघं नवरा-बायको होळीच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड फिरून आलो. कशाला, तर एक लाटणं आणायला. हसायचं असेल तर हसून घ्या. पण ज्यांच्या घरी देवाचा स्वयंपाक अजून स्वतःच्या ओट्यावर होतो त्यांच्यावर ही वेळ कधीतरी येणारच आहे, म्हणून भाड्यातोड्यासकट लिहून ठेवते.

आधी जावं का लागलं ते. आम्ही मालवणकडचे, मासे खाणारे. उपासाचे वार सोडले तर आमच्या ओट्यावर काही ना काही ओलं-सुकं असतंच. म्हणून देवाच्या स्वयंपाकाची चार भांडी आणि एक लाटणं वेगळं ठेवायचं, वरच्या फळीवर, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून. ही सासूबाईंची शिस्त. होळीला देवीच्या टाकापुढे पुरणपोळी जाते ती त्याच लाटण्याने लाटलेली. या फाल्गुनात एका सकाळी मी देवळात गेले होते आणि इकडे आमच्या ह्यांना सुके बोंबील भाजून खायची हुक्की आली. बोंबील भाजायच्या आधी ठेचून मऊ करावे लागतात. घरात बत्ता आहे, वरवंटा आहे. तरी या गृहस्थांनी स्टुलावर चढून, फळीवरचं फडकं सोडून काय काढावं?

मी दारातच वासावरून ओळखलं.

"अहो, हे काय केलंत?"

"काय केलंय? बोंबील ठेचले. बत्तो गावलो नाय."

"बत्ता तुमच्या नाकासमोर ओट्यावर आहे."

"हे बरं लांब आहे गं, हाताला धक्का बसत नाही. आणि धुतलंय मी. साबणाने. दोनदा."

लाकडाला साबण! बोंबील परवडले. बोंबलाचा वास वरवर तरी बसतो, साबणाचं पाणी लाकडाच्या पोटात शिरतं आणि वास आत घेऊन जातं. मी कोरडं बेसन चोळलं, लिंबाची फोड फिरवली, चुलीतली नाही पण धुपाटण्यातली राख लावली, सावलीत वाळवलं. तुमच्या रोजच्या लाटण्याला कांद्या-लसणाचा वास लागला तर एवढं पुरेल. उन्हात मात्र टाकू नका, वाकतं. आमच्या लाटण्याचा वास गेला असं हे म्हणाले. ह्यांच्या नाकावर विश्वास ठेवून देवीपुढे पोळी ठेवायची माझी छाती नाही. ते लाटणं मी ह्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, "हे आता तुमचं. जन्मभर बोंबील ठेचा."

त्याच संध्याकाळी कांदिवलीहून शालूताईंचा फोन. शालूताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. सासूबाई शेवटपर्यंत आमच्याकडे होत्या, त्यामुळे देवीचा टाक आमच्या देव्हाऱ्यात, आणि होळीला सगळं घर दिंडोशीला जमतं. ह्यांनी फोनवर स्वतःचा पराक्रम स्वतःच सांगितला. मग फोन माझ्याकडे आला.

"बरंच झालं मंगल," शालूताई म्हणाल्या. "या वर्षी पोळ्या मी बाहेरून आणते. आमच्या इथे एक पोळीभाजी केंद्र आहे, झकास करतात. तुपातल्या, डब्यात पॅक करून."

"देवीला डब्यातली पोळी?"

"देवीला भाव लागतो गं. लाटणं लागत नाही."

भाव लागतो म्हणे. मग ताटात भावच वाढावा, वर तूप सोडावं आणि आरती करून मोकळं व्हावं. मी एवढं बोलले नाही, मोठ्या आहेत. म्हटलं, "मी नवीन लाटणं आणते. नैवेद्याची पोळी घरातच होईल."

"आठवडा राहिलाय होळीला. आणलंस तर आणलंस. नाहीतर माझा डबा देवीपुढे."

यावर कोण झोपेल? बुधवार धरला. शनिवारी तेल आणि लोखंड आणत नाहीत, लाकडाचं काही सांगितलेलं नाही, पण नैवेद्याच्या वस्तूला उगीच शंका कशाला. पिशवीत काय घेतलं ते सांगते, कारण तुम्हालाही लागेल: पोळपाटाच्या रुंदीएवढा दोरा, एक ओला रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाण्याची बाटली आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. आणि हे. ह्यांना घरी ठेवून जायची हिंमत नव्हती, आणखी काही फळ्या शिल्लक आहेत.

आमच्या कोपऱ्यावर लाटणी मिळत नाहीत असं नाही. मिळतात. रंगीत गोंडे लावलेली, हलकी फुसकी, आंब्याच्या लाकडाची. नखाने दाबलं की खूण उमटते. ती बाहुलीच्या भातुकलीला ठीक. शेजारणीने अंधेरी पश्चिमेच्या एका मोठ्या दुकानाचं नाव सांगितलं होतं, फक्त स्वयंपाकघराच्या वस्तूंचं. म्हणून पहिला मुक्काम अंधेरी. दिंडोशीहून मेट्रोने गुंदवली, तिथून पुलावरून चालत दुसऱ्या मेट्रोत. गाडी गार आहे, स्वच्छ आहे, आणि तिकिटाच्या मशीनपाशी मदत करणारा माणूस मशीनपेक्षा जास्त वेळ घेतो. डब्यात समोरच्या दोन मुली एअर फ्रायरमध्ये पुरणपोळी करण्याबद्दल बोलत होत्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुकानात शिरल्यावर आधी थंडी वाजली, मग किमती वाचून घाम फुटला. लाटण्यांसाठी अख्खी भिंत. संगमरवराचं लाटणं, ते ठेवायला संगमरवराचीच गादी. स्टीलचं. काचेचं, ज्याच्या आत बर्फ भरायचा. एकाला दोन्ही टोकांना रबराच्या चकत्या. मी विचारलं, ह्या कशाला?

"मॅम, थिकनेससाठी," तिथला मुलगा म्हणाला. "चपाती किती जाड पाहिजे ते सेट होतं."

"आणि बोटांनी काय करायचं मग?"

तो हसला, पण त्याला कळलं नव्हतं. लाकडाचं एक होतं, खोक्यात, रेशमी कागदात, नवरीसारखं. किंमत चौदाशे. मी ते बाहेर काढलं आणि काचेच्या टेबलावर ठेवून फिरवायला लागले. लाटणं बघायची पहिली रीत ही. सपाट जागेवर ठेवा, एका बोटाने ढकला आणि खाली वाकून बघा. सरळ असेल तर आवाज न करता गडगडत जातं. वाकडं असेल तर टक, टक, टक करतं आणि खालून उजेड दिसतो.

चौदाशेचं लाटणं टक टक करत निघालं.

"मॅम, प्लीज, डिस्प्ले पीस आहे," मुलगा धावत आला.

"मग याच्या चपात्यापण डिस्प्लेलाच ठेवायच्या का?"

"मॅम, हे इम्पोर्टेड वूड आहे. डिशवॉशरमध्ये पण चालतं."

"अहो, बघा," मी ह्यांना म्हटलं. "तुम्ही एकटे नाही आहात. भांड्यांच्या साबणात लाकूड बुडवणारे दुकानं काढून बसलेत."

हे तोपर्यंत दुकानातल्याच कॉफीच्या कोपऱ्यापाशी जाऊन, फळ्यावरचा भाव वाचून परत आले होते. चेहऱ्यावरून कळत होतं. जाणाऱ्यांसाठी सूचना: तिथे जरूर जा, एसीत पाच मिनिटं बसा, पाणी फुकट आहे ते प्या आणि बाहेर पडा.

परत मेट्रो, आता शेवटपर्यंत घाटकोपर. घाटकोपरबद्दल मला आशा होती, खोटं कशाला बोलू. गुजराती बायका रोटल्या पातळ लाटतात त्यावरून लाटण्याची पारख असणार, असा माझा हिशेब. स्टेशनबाहेर भांड्यांच्या दुकानांची रांग आहे, आणि लाटणी खरोखरच पिंपात भरून ठेवलेली. बारीक, लांब, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली. दुकानदार शेठ गादीवर बसूनच म्हणाले, "बेन, हे घ्या. एकदम हलका. रोटली आपोआप फिरेल."

आपोआप फिरते, मान्य. पण पुरणपोळी म्हणजे रोटली नव्हे. मधे जाड आणि कडेला निमुळतं लाटणं पुरणाच्या पोळीवर फिरवलं की भार मधोमध पडतो आणि पुरण कडेने पळायला बघतं. पुरणपोळीला लाटणं या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं हवं, पोट सुटलेलं नको. लांबीही बघायची. माझा दोरा त्यासाठी. लाटायचा भाग पोळपाटात बसला पाहिजे, मुठी तेवढ्या बाहेर. फार लांब घेतलंत तर पोळपाटाच्या कडेवर अडकत राहतं.

तिथे एक सारख्या जाडीचं मिळालं. दिसायला असं सुंदर, लालसर, तुकतुकीत. ह्यांनी तर पाकीटच काढलं. मी ओला रुमाल काढला आणि लाटण्यावरून जोरात फिरवला. रुमाल गुलाबी.

"शेठ, हे काय?"

"पॉलिश आहे बेन. दोन-चार वेळा वापरला की निघून जाईल."

"कुठे निघून जाईल?"

शेठना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. पोटात जाईल, दुसरीकडे कुठे जाणार? शेजारी एक बाई त्याच पिंपातलं तसलंच लाटणं घेत होत्या. मी रुमाल दाखवला, तर म्हणाल्या, "रंगाला मॅचिंग पोळपाट पण आहे ना त्यांच्याकडे." अशांना परमेश्वरही वाचवू शकत नाही, मी कोण?

जेवणाचं. घाटकोपरला खाण्याची एक गल्ली आहे आणि तिची कीर्ती फार आहे. मी तिथे चॉकलेटचा डोसा बघितला. अननसाचा बघितला. चीज किसून किसून डोशाचा डोंगर केलेला बघितला, आणि तो डोंगर आधी फोटोत काढून मग गार झाल्यावर खाणारी माणसं बघितली. आम्ही पुऱ्या खाल्ल्या, एका बंद दुकानाच्या पायरीवर. ह्यांचे डोळे डोशावरच होते, म्हणून शेवटी एक साधा घेतला, दोघांत. डोसा चांगला होता, चटणीत पाणी होतं.

"आता घरी जाऊ या गं," हे म्हणाले. "शालूवहिनी आणतायत ना पोळ्या. एक वर्ष काय होतंय?"

"एक वर्ष देवीने उपाशी राहायचं, तुम्ही बोंबील खाल्लेत म्हणून?"

"उपाशी कुठे? पोळी असणार ना ताटात."

"कुणाच्या हातची? विचारलं देवीने तर नाव काय सांगू? केंद्राचं?"

ह्यांनी पिशवी उचलली आणि निमूट चालायला लागले. हा ह्यांचा एक गुण आहे.

घाटकोपरहून मुलुंडला बस घेतली, एलबीएस रोडने. भाडं किरकोळ, वेळ अवाढव्य. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, खांबांभोवती पत्रे, पत्र्यांवर हसरे चेहरे. भांडुपला बस जी थांबली ती थांबलीच. कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन आला. मागची एक बाई म्हणाली, "चालत गेले असते तर पोचले असते." कंडक्टर म्हणाला, "मग उतरा ना मावशी, मी तिकडे भेटतो." सगळी बस हसली. मी जप करत होते, मीपण हसले, माळ चुकली.

मुलुंडला उतरल्यावर आधी दत्ताचं देऊळ दिसलं. नमस्कार केला. देवळात एक मुलगा मोबाइल समोर टेकवून, हात जोडून स्वतःचाच व्हिडिओ काढत होता. दत्ताला तीन तोंडं आहेत, तरी एकानेही त्याला काही म्हटलं नाही.

मग बाजार. स्टेशनजवळच्या जुन्या बाजारात सुपं, टोपल्या, रव्या, परड्या विकणारी दोन-तीन दुकानं अजून तग धरून आहेत. त्यातल्या सगळ्यात अंधाऱ्या दुकानात मी शिरले. मालक खुर्चीत रेलून मोबाइलवर कुणाचा तरी नाच बघत होता. मान वर न करता त्याने पायाने एक टब पुढे सरकवला.

"त्यात आहेत. सगळी सारखीच."

सगळी सारखीच! ज्याला आपल्या मालात फरक दिसत नाही त्याच्याकडे भाव करायला सोपं जातं, म्हणून मी काही बोलले नाही. पदर खोचला आणि खाली बसले. टबात वर नेहमीचीच, गोंडेवाली आणि लालचुटूक. ती बाजूला काढली. खाली पापडाची, अंगावर रेघा असलेली. तीही काढली. त्याखाली धुळीत काही साधी, रंग न दिलेली होती. मी एकेक फरशीवर फिरवायला घेतलं. टक टक, बाजूला. टक टक, बाजूला. एक सरळ गेलं, पण मधे गाठ. गाठ असलेलं घेऊ नका, पुढे तिथेच तडकतं. एकाच्या मुठी वेगळ्या करून चिकटवलेल्या, त्या एक दिवस पिठात गळून पडतात. लाटणं एका तुकड्यातलं हवं, आणि लाकडाच्या रेषा या टोकाकडून त्या टोकाकडे लांब गेलेल्या हव्यात, आडव्या नकोत. टोकाला नीट बघा, चीर असेल तर तिथे पहिली दिसते. मग नखाने दाबा. मग वास घ्या.

मालकाचा नाच संपला असावा. तो बघायला लागला.

"मावशी, लाटणं घेताय की पोरीसाठी नवरा बघताय?"

"नवरा एवढा बघून घेतला असता तर आज मुलुंडला यावं लागलं नसतं."

हे दुकानाच्या दारात पिशवी धरून उभे होते. मालकाने त्यांच्याकडे बघितलं आणि जोरात हसला. हे पण हसले. ह्यांना कुणाच्या बाजूने हसायचं ते कधीच कळलेलं नाही.

आणि मग ते सापडलं. टबाच्या तळाशी, मातकट रंगाचं, बघून कुणी हात लावणार नाही असं. धूळ पुसली तर बाभळीचं निघालं. घट्ट, वजनाला बेताचं, सारख्या जाडीचं. फरशीवर एका बोटाने ढकललं तर भिंतीपर्यंत गेलं, आवाज नाही. दोरा लावला, मापात. ओला रुमाल फिरवला, नुसती धूळ. नखाची खूण नाही. तोंडावर काही दाखवायचं नसतं, म्हणून मी ते परत टबात टाकलं आणि उठले.

"काही नाही हो तुमच्याकडे. चला हो आपण."

"काय झालं? ते बाभळीचं चांगलं आहे की," मालक म्हणाला. म्हणजे फरक माहीत होता मेल्याला. "एकशेऐंशी."

शंभरपासून सुरुवात केली. त्याने आई-वडिलांची शपथ घेतली, मी बसभाड्याची कहाणी सांगितली. एकशेतीसवर आलो. हे मधेच "देऊन टाक गं दीडशे" म्हणाले नसते तर एकशेवीसला मिळालं असतं. खरेदीला नवरा नेऊ नये, पिशवी उचलायला हमाल स्वस्त पडतो.

परतीला मुलुंडहून पवईमार्गे दिंडोशीची बस आहे, मेट्रोची उठबस नको असेल तर तीच घ्या. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता होणार, डोंगराखालून भुयार होणार, मग ह्या प्रवासाला चहा निवेपर्यंतचा वेळ लागणार, असं बसमध्ये एक गृहस्थ सगळ्यांना समजावून सांगत होते. पवईच्या गर्दीत आम्ही ते पुरं ऐकून घेतलं. लाटणं मी मांडीवर धरलं होतं. ह्यांच्या पिशवीत नाही दिलं.

आता घरी आणल्यावर काय करायचं ते. नवं लाटणं त्याच दिवशी वापरायला घेणाऱ्यांची पोळी चिकटते आणि मग त्या पिठाला शिव्या देतात. आधी ओल्या फडक्याने पुसायचं, नळाखाली धरायचं नाही. सावलीत, वाऱ्यावर, आडवं ठेवून वाळवायचं, मधूनमधून फिरवायचं. पुरतं सुकलं की खोबरेलाचे दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचं, लाटणं न्हाऊ घालायचं नाही. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लावू नका, चिकटा धरतो आणि खवट वास येतो. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी कोरड्या फडक्याने घासून पुसायचं. मग साधी कणीक भिजवून त्याच्यावर पाच-सहा चपात्या लाटायच्या आणि त्या आपण खायच्या नाहीत. आमच्या देवळाच्या दाराशी एक बाई गाय घेऊन बसते, तिच्या गायीला घातल्या. पुढे रोजचं काम एवढंच, की लाटून झाल्या झाल्या कोरड्या पिठाने चोळून पुसायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेलाचा हात फिरवायचा. मोरीत, खरकट्यात, पाण्यात ठेवायचं नाही. हे लिहावं लागतं, कारण ठेवणारे आहेत.

होळीच्या दिवशी पहाटे अंघोळ करून पुरण घातलं. पहिली पोळी कडेला फुटली. लाटणं नवं, त्याची सवय माझ्या हाताला नाही, दोष कुणाला द्यायचा? ह्यांना दिला. दुसरी जरा जाड झाली. तिसरी मात्र अशी गेली लाटत, की लाटणं फिरतंय हे हाताला कळलं नाही, पुरण कडेपर्यंत सारखं पसरलं आणि तव्यावर टम्म फुगली. ती बाजूला काढली. ती देवीची.

शालूताई अकराला आल्या. हातात डबे, डब्यांवर सोनेरी फीत. देव्हाऱ्यापाशी येऊन त्यांनी माझं ताट बघितलं, पोळी बघितली, आणि एक डबा उघडून म्हणाल्या, "मंगल, हीपण ठेव एक बाजूला. एवढ्या लांबून आणली आहे."

"शालूताई, देवीला कोणती आवडते असं विचारायला हे हॉटेल नव्हे."

मला वाटलं आता वाजणार. पण त्यांनी झाकण लावलं, डबा ओट्यावर ठेवला आणि स्वतः हात धुऊन माझ्या पोळीवर तूप सोडलं. आरती त्यांनीच म्हटली, त्यांचा आवाज चांगला आहे. नैवेद्य दाखवला. नवं लाटणं मी नमस्कारापुरतं देव्हाऱ्याशी टेकवून ठेवलं होतं. संध्याकाळी खाली सोसायटीच्या होळीत गेली ती आधीच वेगळी काढून ठेवलेली दुसरी घरची पोळी. जे व्हायला पाहिजे होतं ते झालं.

पण दुपारच्या पंगतीचं सांगायलाच हवं. घरच्या पोळ्या सगळ्यांना पुरणार नव्हत्या, म्हणून डब्यातल्याही तव्यावर गरम करून वाढल्या. वाढत मीच होते, त्यामुळे कुणाच्या पानात काय पडलं ते मला माहीत. ह्यांच्या पानात डब्यातली. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वा! पोळी बघा कशी झालीय. ह्याला म्हणतात घरची पोळी. मुलुंडपर्यंत पायपीट केली त्याचं चीज झालं!"

शालूताईंचे यजमान, माझे मोठे दीर, म्हणाले, "खरंच गं मंगल." त्यांच्याही पानात डब्यातलीच. मुलं मान डोलवून खात होती. माझ्या हातात तुपाची वाटी होती, ती तशीच राहिली. एका माणसाला फरक कळू नये? सबंध दिवस तीन उपनगरं हिंडलो ते या जिभांसाठी? मेले डबा खातात आणि घर म्हणतात.

शालूताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना डब्यातल्या पोळ्या चांगल्या ओळखू येत होत्या. आता त्या बोलणार, सगळ्यांपुढे बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी आपल्या पानातली पोळी उचलली, शेजारी दिरांच्या पानात टाकली आणि म्हणाल्या, "मंगल, मला तुझी वाढ."

"तीपण चांगली आहे की ताई."

"चांगलीच आहे. रोज खाते मी. चपात्या तिथल्या, पोळ्या तिथल्या. तुझी वाढ, ती कडेला फुटलेली असली तरी चालेल."

तीच उरली होती. फुटलेली, एका बाजूने जरा करपलेली. ती वाढली. त्यांनी एक घास घेतला आणि पान चाटूनपुसून संपवलं.

प्रवासाचा हिशेब असा. दोघांचा मेट्रो-बसचा खर्च लाटण्यापेक्षा बराच जास्त झाला, डोशाचे वेगळे. चौदाशेचं न घेतल्याने जे वाचलं ते मी मिळकतीत धरत नाही, तशी सवय लागली की माणूस मॉलमध्ये न जाताच श्रीमंत होतो. फायदा म्हणाल तर देवीला तिची पोळी मिळाली. ती कुठल्या लाटण्याची हे घरात एका बाईला कळलं, आणि तीही जिच्याकडून मी अपेक्षाच केली नव्हती. बाकीच्यांना पुढच्या वर्षी पुठ्ठा गुळात बुडवून वाढला तरी ते वा म्हणतील.

भांडी आवरताना शालूताई ओट्यापाशी आल्या. लाटणं हातात घेतलं, तळहातावर जोखलं, डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघितलं. बघायची रीत त्यांनाही येत होती, इतकी वर्षं मला माहीत नव्हतं.

"मुलुंडला कुठे मिळालं म्हणालीस?"

मी सगळं सांगितलं. स्टेशनजवळचा जुना बाजार, सगळ्यात अंधारं दुकान, मोबाइलवर नाच बघणारा माणूस, टबाच्या तळाशी. एकशेतीसच्या वर द्यायचे नाहीत.

"जाईन एकदा," त्या म्हणाल्या.

"एकट्या जाऊ नका. तो तुम्हाला वरचं लालचुटूक गळ्यात मारेल, आणि तुम्ही दीडशे देऊन त्याला वर थँक्यू म्हणाल. मी येते बरोबर."

पाडव्याच्या आधीचा बुधवार ठरलाय. पुऱ्या त्या आणणार आहेत. ह्यांना दोघींनी मिळून सांगितलं आहे, तुम्ही घरीच थांबा.